मुलीच्या दातांवर डाग, मुलाच्या दातांना कीड: पाणी बदलायचं की पेस्ट?

किनवट तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरी बोअरचं पाणी. नऊ वर्षांच्या मुलीचे समोरचे कायमचे दात आले ते पांढरे-तपकिरी पट्टे घेऊनच. चार वर्षांच्या मुलाच्या दातांवर असे पट्टे नाहीत, पण त्याचे वरचे दुधाचे दात किडलेत. सासूबाई म्हणतात, हे सगळं पेस्टमुळं झालं, राखुंडी होती तोवर कुणाला काही झालं नाही. दीर म्हणतात, जार लावा. मोबाईलवर कुणी सांगतं फ्लोराइड (पाण्यात उतरणारा आणि पेस्टमध्येही घालतात तो क्षार) म्हणजे विष, आणि दवाखान्यात सांगतात फ्लोराइडचीच पेस्ट घ्या. तर नेमकं बदलायचं काय, पाणी की पेस्ट?

मी नांदेडला दातांचा दवाखाना चालवतो आणि तुमच्या पट्ट्यातली लेकरं नेहमी तपासतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. उत्तर आधीच देऊन टाकतो: ताई, पाणी तपासा, त्यात फ्लोराइड जास्त निघालं तर ते बदला, आणि पेस्ट चालू ठेवा. तुमच्या घरात दोन वेगवेगळे त्रास आहेत. मुलीच्या दातांवर जे दिसतंय ते बहुतेक पोटात गेलेल्या जास्तीच्या फ्लोराइडमुळं. मुलाचं जे झालंय ते साखरेमुळं आणि दाताला वरून जेवढं फ्लोराइड लागायला हवं तेवढं न लागल्यामुळं. पदार्थ एकच, पण तो शरीरात कोणत्या वाटेनं आणि कोणत्या वयात गेला यावर सगळं ठरतं.

दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणाला आपण इनॅमल म्हणतो. दात हिरडीच्या आत असतानाच ते तयार होतं. समोरच्या कायमच्या दातांचं इनॅमल बाळ तीन-चार महिन्यांचं असताना बनायला लागतं आणि चार-पाच वर्षांपर्यंत पुरं होतं. मागच्या दाढांचं काम सात-आठ वर्षांपर्यंत चालतं. भिंतीचा गिलावा ओला असताना त्यावर बोट फिरलं तर खूण कायमची राहते, वाळल्यावर नाही, तसंच हे आहे. या वर्षांत पाण्यातून जास्त फ्लोराइड पोटात जात राहिलं तर ते रक्तातून तयार होणाऱ्या दातापर्यंत पोचतं, आणि इनॅमल सच्छिद्र, खडूसारखं बनतं. डाग दिसतो दात बाहेर आल्यावर, सहाव्या-सातव्या वर्षी. तोपर्यंत घरचे विसरून गेलेले असतात की चार-पाच वर्षांपूर्वी लेकरू कोणतं पाणी पीत होतं. म्हणून दोष येतो सध्या वापरात असलेल्या पेस्टवर.

वाढ पूर्ण झालेल्या माणसाच्या दाताला असे डाग नव्यानं पडत नाहीत. सासूबाई आज तेच पाणी प्यायल्या तरी त्यांच्या दातांचा रंग त्यामुळं बदलणार नाही. पण हाडांचं तसं नाही. खूप जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर मान, कंबर, गुडघे आखडतात. घरात कुणा मोठ्या माणसाला वाकायला, मान वळवायला त्रास होत असेल तर ते वयावर ढकलू नका, सरकारी दवाखान्यात दाखवा आणि पाण्याबद्दलही सांगा. नांदेड जिल्हा फ्लोरोसिसच्या (जास्त फ्लोराइडमुळं दातांना-हाडांना होणाऱ्या त्रासाच्या) राष्ट्रीय कार्यक्रमात आहे, तेव्हा हा विषय तिथं नवा नाही.

आता दुसरी वाट. जेवणानंतर, विशेषतः गोड खाल्ल्यावर, दातावरच्या थरातले जंतू साखरेचं आम्ल करतात. तोंडातला पीएच (आम्ल मोजायचा आकडा, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागतं. थोड्या वेळानं लाळ ते परत भरून काढते. ही देवाणघेवाण दिवसभर चालू असते. त्या वेळी लाळेत आणि दाताच्या पृष्ठभागावर थोडंसं फ्लोराइड असेल तर भरपाई लवकर होते, आणि भरून आलेला भाग आधीपेक्षा टणक असतो, साधारण ४.५ पीएचपर्यंत तग धरतो. कीड रोखण्याचं फ्लोराइडचं मुख्य काम हे असं, दाताच्या वरच्या बाजूनं होतं. त्यासाठी ते गिळावं लागत नाही.

हे कळायला जगाला बराच वेळ लागला. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा दंतवैद्य आला. तिथल्या मुलांच्या दातांवर तुमच्या मुलीसारखेच तपकिरी डाग होते. त्यानं वर्षानुवर्षं शोध घेतला, आणि डागाचे दात लवकर किडत नाहीत हेही त्याच्या लक्षात आलं. पाण्यात फ्लोराइड आहे हे १९३१ मध्ये चर्चिल या रसायनतज्ज्ञानं दाखवलं. पुढं ट्रेंडली डीन या दंतवैद्यानं गावोगावची मुलं तपासली. पाण्यात लिटरला साधारण एक मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर कीड कमी आणि डागही नगण्य, हे त्यातून निघालं. १९४५ साली ग्रँड रॅपिड्स शहरानं आपल्या नळाच्या पाण्यात मोजून फ्लोराइड घालायला सुरुवात केली. म्हणजे ‘विष’ म्हणणारे आणि ‘औषध’ म्हणणारे एकाच पदार्थाच्या दोन वेगळ्या मात्रांबद्दल बोलत असतात.

पण तिकडचा आकडा उचलून मराठवाड्याला लावता येत नाही. तिकडं थंडी, पाणी कमी पितात. आपल्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो आणि खेळून आलेलं लेकरू तांब्याच्या तांब्या रिकामा करतं. लिटरमधलं प्रमाण तेच राहिलं तरी पोटात जाणारी मात्रा वाढते. अमेरिकेनंसुद्धा २०१५ पासून शिफारस ०.७ मिलिग्रॅमवर आणली. आपल्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. घरात आठ वर्षांखालचं लेकरू असेल तर मी १ चाच आकडा धरतो.

तुमच्या बोअरचा आकडा मला माहीत नाही, म्हणून पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे. नांदेड जिल्ह्याच्या काही भागांत, तेलंगणाच्या बाजूला, ग्रॅनाइटसारखे जुने खडक आहेत. अशा खडकातून खोल पाणी सावकाश झिरपत असलं की फ्लोराइड विरघळून त्यात उतरतं. उरलेला मराठवाडा बहुतेक काळ्या पाषाणावर आहे. तिथं सहसा प्रमाण कमी असतं, पण खात्री देता येत नाही. बीड, लातूरकडंही जास्त फ्लोराइडचे स्रोत सापडलेत. एकाच गावात दोन बोअरचे आकडे वेगळे येतात. पाणी जितकं खोल आणि जितकं जुनं, तितकी शंका जास्त. जुना आड किंवा उथळ विहीर पावसानं भरते, तिचं पाणी फ्लोराइडच्या बाबतीत बरं असू शकतं, मात्र त्यात जंतूंची भीती जास्त.

आपल्याकडची खरी अडचण अशी की घराचं पाणी वर्षभर एक नसतं. पावसाळ्यात नळाला धरणाचं, दिवाळीनंतर बोअरचं, एप्रिलपासून टँकर, आणि पाहुणे आले की जार. म्हणून ‘आमचं पाणी चांगलं आहे’ या वाक्यावर मी थांबत नाही. कोणत्या महिन्यात कोणतं, हे विचारतो. तुम्हीही कागदावर बारा महिने मांडून बघा. लेकरू सर्वांत जास्त दिवस आणि सर्वांत जास्त प्रमाणात जे पाणी पितं, ते आधी तपासायचं. अंगणवाडीत, शाळेत हापशाचं पाणी पीत असेल तर तेही.

तपासणीसाठी ग्रामपंचायतीत जलसुरक्षकाला भेटा. गावपातळीवर तपासणीचा संच दिलेला असतो, त्यात पाण्याचा रंग बघून फ्लोराइडचा अंदाज येतो. अंदाज जास्तीचा आला तर नमुना भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत पाठवा, तिथं पक्का आकडा मिळतो. बाटली प्लॅस्टिकची, स्वच्छ, त्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळलेली. हापसा किंवा मोटर आधी काही मिनिटं चालू द्या, पाइपात साचलेलं पाणी नमुन्यात नको. एकदा मेमध्ये आणि एकदा पाऊस संपल्यावर, असं दोनदा बघितलं तर चित्र कळतं. जारवाला खिशातून जे पेनासारखं यंत्र काढून बुडवून दाखवतो ते टीडीएस मोजतं, म्हणजे पाण्यातले एकूण क्षार. त्यावरून फ्लोराइड कळत नाही. चवीवरूनही कळत नाही. पाणी गोड लागतं म्हणून निर्धास्त राहिलेली घरं मी पाहिलीत.

आता थोडा हिशोब करू. समजा तुमच्या पाण्यात लिटरला ३ मिलिग्रॅम आहे. मुलगा पिण्यातून आणि वरण-भातातून मिळून लिटर-सव्वा लिटर पाणी पोटात घेत असेल, तर दिवसाला ३ ते पावणेचार मिलिग्रॅम फ्लोराइड झालं. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी दिवसाची वरची मर्यादा २.२ मिलिग्रॅम धरतात. आणि पेस्टमधून? हजार पीपीएमची (म्हणजे एका ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड असलेली) पेस्ट वाटाण्याएवढी घेतली तर तिच्यात पाव मिलिग्रॅम असतं. दोन वेळा मिळून अर्धा, तोही सगळीच्या सगळी गिळली तर. थुंकली तर त्याहून खूप कमी. तेव्हा पेस्ट बंद करून बोअरचं पाणी तसंच चालू ठेवलं तर मोठा भाग जागेवर राहतो आणि दाताचं संरक्षण तेवढं जातं. सासूबाईंना हा हिशोब समजावून सांगा, त्यांची काळजी खरी आहे.

मात्र ब्रशभर पेस्ट पिळणं चूक आहे. जाहिरातीत दाखवतात तशी पूर्ण पट्टी घेतली तर एका वेळी चौपट पेस्ट होते, आणि लहान लेकरं ती चवीनं गिळतात. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. पेस्ट मोठ्या माणसानं लावून द्यायची, ट्यूब लेकराच्या हाती द्यायची नाही. घासून झाल्यावर थुंकायला शिकवा. खळाखळा चुळा भरल्या तर कामाचं फ्लोराइड धुऊन जातं, म्हणून थुंकणं पुरे. ट्यूबवर फ्लोराइडचं प्रमाण पीपीएममध्ये छापलेलं असतं, ते वाचून घ्या. आपल्याकडं हजारच्या वर परवानगी नाही. काही मंजनांत फ्लोराइडच नसतं. रात्री झोपताना घासणं सर्वांत महत्त्वाचं, कारण झोपेत लाळ कमी सुटते. आणि राखुंडी, मिश्री, कोळसा घरातून काढा. राखुंडीनं आणि कोळशानं दात झिजतात, मिश्री तर तंबाखूच आहे.

तुमच्या मुलाला दारात उजेडात बसवून ओठ वर करून बघा. वरचे समोरचे चार दात हिरडीच्या कडेला पांढुरके किंवा तपकिरी, मऊ झालेत आणि खालचे समोरचे चांगले आहेत, असं दिसलं तर साखर घातलेलं दूध किंवा चहा बाटलीनं, विशेषतः झोपताना, दिला गेलाय असं मी समजतो. खालच्या दातांवर जीभ असते, लाळ असते, ते वाचतात. दिवसातून चार-पाच वेळा चहात बुडवलेलं बिस्कीट चालू असेल तरी हेच होतं. किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं, कारण दर वेळी आम्ल नव्यानं तयार होतं आणि लाळेला भरपाईला अर्धा-पाऊण तास लागतो. गोड द्यायचंच तर जेवणासोबत द्या. हे दात पडणारच आहेत म्हणून सोडून देऊ नका. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. त्या लवकर काढाव्या लागल्या तर लेकरू एका बाजूनं चावतं आणि खाली येणाऱ्या दातांची जागाही जाते.

मुलीकडं बघताना वेगळं शोधायचं. स्वच्छ सुती कापडानं तिचे वरचे दात पुसून कोरडे करा आणि थोडं थांबा. ओल्या दातावर न दिसणाऱ्या रेघा कोरड्यावर उमटतात. पाण्यातल्या फ्लोराइडचे पट्टे आडवे असतात, डाव्या-उजव्या दातांवर जोडीनं येतात, कडा धूसर असतात. गल्लीतल्या तिच्या वयाच्या मुलींचे दात बघा, तेच पाणी पीत असतील तर तिथंही दिसतील. डाग एकाच दातावर असेल, बाकी दात स्वच्छ असतील, तर कारण वेगळं. लहानपणी दुधाच्या दाताला लागलेला मार किंवा झालेला पू असू शकतो. म्हणून ‘बहुतेक’ म्हणालो, दात बघितल्याशिवाय पक्कं सांगता येणार नाही.

आता पाणी जास्तीचं निघालं तर काय करायचं. उकळू नका, निदान फ्लोराइडसाठी तरी. उकळल्यानं जंतू मरतात, पण पाणी वाफ होऊन उडतं आणि फ्लोराइड मागं राहतं, म्हणजे प्रमाण थोडं वाढतंच. कँडलचा फिल्टर, यूव्हीचं यंत्र, नुसती तुरटी फिरवणं, यांनीही काम होत नाही. तुरटी आणि चुना ठराविक मापानं घालून फ्लोराइड खाली बसवण्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेनं काढली आणि ती काम करते. पण माप पाण्याच्या तपासणीवरून ठरतं, त्यामुळं गावपातळीवर शिकलेला माणूस असेल तरच, घरात अंदाजानं नको. ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिनाचे (फ्लोराइड धरून ठेवणाऱ्या दाण्यांचे) फिल्टर चांगले, मात्र त्यातला माल ठराविक पाण्यानंतर पुन्हा तयार करून घ्यावा लागतो, नाहीतर पाणी नुसतं आरपार जातं.

आरओनं, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी गाळणाऱ्या यंत्रानं, बहुतेक फ्लोराइड निघतं, आणि जारचं पाणी सहसा आरओचं असतं, म्हणून दिरांची सूचना वाईट नाही. जार घेण्याआधी प्लँटवाल्याकडं तयार पाण्याच्या फ्लोराइडचा अहवाल मागा. नसेल तर त्याच्या जारचंही पाणी बाटलीत भरून तपासायला द्या. पडदा जुना झाला की पाणी थंड आणि गोड लागतं, फ्लोराइड मात्र यायला लागतं. घरी आरओ बसवलात तर बाजूच्या नळीतून वाया जाणाऱ्या पाण्यात फ्लोराइड साठलेलं असतं. ते फरशीला वापरा, गुरांच्या हौदात सोडू नका, जनावरांच्या दातांना आणि हाडांनाही तोच त्रास होतो.

एक गोष्ट बहुतेक घरांत राहून जाते. जारचं पाणी पिण्यापुरतं ठेवतात आणि वरण, भात, चहा बोअरच्या पाण्यावर. शिजताना फ्लोराइड कुठं जात नाही, वरणात उतरतं. परवडत असेल तर स्वयंपाकही त्याच पाण्यावर करा. परवडत नसेल तर आधी लहान लेकरांचं पिणं आणि त्यांचा वरण-भात, मग मोठ्यांचं. अंघोळीला, कपड्यांना, भांड्यांना बोअरचं पाणी बिनधास्त वापरा. घरात तान्हं बाळ असेल तर आईचं दूध सर्वांत सुरक्षित, आई बोअरचं पाणी पीत असली तरी दुधात फ्लोराइड अगदी नावापुरतं उतरतं. पावडरचं दूध मात्र बोअरच्या पाण्यात कधी कालवू नका.

पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळपास नसतं. पत्र्याची पन्हाळ असेल, पहिले एक-दोन पाऊस वाहू दिले, नंतरचं पाणी गाळून झाकणाच्या टाकीत घेतलं, तर एका लहान लेकराचं पिण्याचं वर्षभराचं पाणी पाचशे लिटरमध्ये भागतं. साऱ्या घराची तहान त्यानं भागणार नाही, पण दात घडायच्या वर्षांत एका लेकराला पुरेल. हे पाणी मात्र उकळून द्यायचं. सोबत दूध, दही, नाचणी, पावसाळ्यातला तरोटा, शेवग्याचा पाला असं कॅल्शियमचं खाणं ठेवा. कॅल्शियम पोटात असलं की फ्लोराइड कमी शोषलं जातं. लेकरांना काळा चहा नको, चहाच्या पानातच फ्लोराइड असतं.

हे वाचणारे छत्रपती संभाजीनगर, लातूर अशा शहरांत धरणाचं पाणी पिणारेही असतील. त्यांचं गणित उलटं आहे. धरणाच्या पाण्यात फ्लोराइड सहसा कमीच असतं, आणि आपल्या देशात नळाच्या पाण्यात ते वरून घालत नाहीत. घरात आरओ असेल तर उरलंसुरलंही जातं. म्हणून आरओ काढा असं मी म्हणणार नाही, पण अशा घरात दोन वेळा फ्लोराइडची पेस्ट हाच मुख्य आधार आहे. ‘विनाफ्लोराइड’ छापलेली महाग पेस्ट तिथं कामाची नाही.

ताई, मुलाला महिन्याभरात दाखवा. किडलेले दात भरता येतील आणि गरज वाटली तर फ्लोराइडचा लेप दातांवर लावता येईल. तो चमच्याच्या टोकाएवढाही नसतो आणि दातांवरच चिकटतो, त्यामुळं जास्त फ्लोराइडच्या भागातही तपासून वापरतो. फ्लोराइडच्या गोळ्या मात्र कुणी दिल्या तरी घेऊ नका. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागं एक दाढ येते. आधी काही पडत नाही, त्यामुळं घरच्यांना तीही दुधाचीच वाटते. ती कायमची असते. तिच्या खाचा वेळेत बुजवून घ्या. मुलीची आलेलीच असेल, तिचीही बघून घ्या.

मुलीच्या डागांची घाई नाही. पट्टे पांढरे असतील तर पुष्कळदा काहीच करावं लागत नाही. तपकिरी असतील तर वरचा अगदी पातळ थर घासून रंग बराच उतरवता येतो, खोल डागांवर दाताच्या रंगाचं सिमेंट बसवता येतं. दातावर खड्डे असतील तर मात्र लवकर या, त्यात कीड शिरते. बाकी मोठी कामं, दातावर पापुद्रा चढवणं वगैरे, ती मोठी झाल्यावर. तोवर लिंबू, सोडा, चारकोल पावडर यातलं काही तिच्या दातांना लावू देऊ नका, आधीच सच्छिद्र असलेलं इनॅमल त्यानं आणखी जातं. दोन्ही लेकरांना आणाल तेव्हा पाण्याच्या तपासणीचा कागद आणि घरातली पेस्टची ट्यूब सोबत आणा.